ब्रिजवरची चार तासांची पाळी

नौदलाचे ‘सुदर्शिनी’ हे शिडाचे प्रशिक्षण जहाज २० जानेवारी २०२६ रोजी कोचीहून ‘लोकायन २६’वर निघाले. दहा महिने, २२ हजारांहून अधिक सागरी मैल, १३ देशांतली १८ बंदरे. चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी बातमी वाचली आणि पान उलटले. समुद्राशी आपला काय संबंध? संबंध आहे. विसापूरला २०१९ पासून सैनिकी शाळा आहे, आणि तिथून एनडीएत जाणाऱ्या मुलामुलींना नौदलाचा पांढरा गणवेशही खुला आहे.

गोवा शिपयार्डने बांधलेले हे जहाज ५४ मीटर लांब. तीन डोलकाठ्या, २० शिडे आणि सुमारे साडेसात किलोमीटर दोर! कुठला दोर कुठल्या शिडाचा, हे काळोखात हाताला कळावे लागते.

जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो. दुपारी चार ते रात्री आठ एवढ्याच वेळात दोन-दोन तासांच्या दोन पाळ्या बसवतात. त्यामुळे पाळ्या सात होतात आणि मध्यरात्रीचे जागरण रोज एकाच गटाच्या माथी येत नाही.

ब्रिजवर सुकाणू धरणारा दिशा ठरवत नाही. पाळीवरचा अधिकारी म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’. सुकाणूवाला तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, चाक उजवीकडे फिरवतो आणि दहा अंश गाठले की पुन्हा कळवतो. एकच हुकूम तीनदा ऐकू येतो. ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

नवखा फसतो तो दिव्याला. रात्री समोरच्या जहाजाचा दिवा कंपासवर त्याच अंशात राहिला, की त्याला वाटते, सगळे ठीक आहे. खरे तर अंतर घटतेय आणि अंश बदलत नाही, म्हणजे टक्कर ठरलेली. रडार हे सांगतेच. तरी टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी करायला बजावतो. पडद्याला चिकटलेल्या पिढीला एवढे एक कलम शिकवले, तरी प्रशिक्षणाचा खर्च वसूल.

आपल्याकडच्या भरती मार्गदर्शनाची गाडी मात्र पोलीस आणि अग्निवीर यांच्यापुढे फारशी सरकत नाही. एनडीएचे छात्र होड्या चालवायला शिकतात ते खडकवासल्याच्या गोड्या पाण्यात. चंद्रपूरला इरईचे धरण आहे. दोन होड्या, जीवरक्षक जॅकेटे आणि शिकवायला एखादा निवृत्त नौसैनिक, एवढी मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवायला काय हरकत आहे?