सतरा आकडे आणि एक स्टेशन

लातूर असो की नांदेड, क्लासच्या गल्लीत गणितापुढं पहिला प्रश्न एकच असतो, "हे परीक्षेला येतंय का रे?" आजचं गणित येत नाही, आधीच सांगून टाकतो. तरी पाच मिनिटं द्या.

रफ वहीत नऊ वेळा एक लिहा: १११११११११. आता या संख्येला तिनंच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं, मग तसंच उतरायचं. सतरा आकडे! एकं, दहं, शतं करत गेलात तर परार्धाच्या एक घर अलीकडं थांबाल. ही संख्या एक्सेलमध्ये टाकली तर शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं येतात, कारण एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं धरून ठेवत नाही. म्हणजे काम हातानंच करायचं.

यात जादू काही नाही. गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडं सरकलेली. मधल्या रकान्यात नऊ एक, म्हणून बेरीज ९. हातचा कुठंच येत नाही. दहा एक घेतले की मध्ये १० होतात, हातचा येतो आणि जिना मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांच्या मागं आयुष्यभर लागलेला माणूस म्हणजे द. रा. कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. नावावर पदव्युत्तर पदवी नाही. ६१७४ ची गंमत त्यांनीच शोधली. आपल्या जिन्याच्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' नाव दिलं, जिथं कल्पना सुचली त्या रेल्वे स्टेशनवरून. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली!

आकड्यांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो, ती त्यांची 'हर्षद' संख्या, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज ८१. भाग जातो, आणि उत्तर १२३४५६७९ चा वर्ग. यात ८ कुठं गेला, ते शोधा.

आपल्याकडं अनेकांनी हे सगळं 'आकड्यांचे खेळ' म्हणून बाजूला ठेवलं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरनं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मास्तर सत्तरीत होते. तोवर त्यांना फारसे कुणी मार्क दिले नव्हते, तरी त्यांची वही बंद झाली नव्हती.

नांदेडहून तपोवन एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना देवळाली आणि डोंबिवली दोन्ही वाटेत लागतात. पुढच्या वेळी मोबाईलची बॅटरी संपली, तर हे करून बघा: आठ एकांचा वर्ग हर्षद आहे का? भागाकार न करता, एका वाक्यात सांगायचं.

मार्क शून्य. वेळेची मर्यादा नाही.