आधारची झेरॉक्स देताय? जरा थांबा!

लॉज असो की सोसायटीचं ऑफिस, आधारची झेरॉक्स मागितली की आपण लगेच देऊन टाकतो. त्यापेक्षा ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात १२ पैकी पहिले ८ आकडे झाकलेले असतात. ‘माय आधार’ पोर्टलवर ओटीपी टाकून ते डाउनलोड होतं. पीडीएफचा पासवर्ड: नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल.

तिथेच बोटांचे ठसे लॉकही करता येतात. रेशनला ठसा द्यायचा असेल, तर तेवढ्यापुरतं अनलॉक करा.

‘लपवण्यासारखं आहेच काय?’ म्हणणाऱ्यांसाठी: २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलंय. घरातल्या ज्येष्ठांनाही हे करून द्या!