बगदादला न परतलेला कर्णधार

इराकच्या फुटबॉल संघाने १९८६ साली मेक्सिकोत प्रथमच विश्वचषक स्पर्धा खेळली, तेव्हा देश इराणशी युद्धात गुंतलेला होता. तेथे तिन्ही सामने गमवावे लागले. एकवीस वर्षांनी आशियाई चषकात उतरलेल्या संघात शिया, सुन्नी आणि कुर्द खेळाडू एकत्र होते. मायदेशी मात्र यादवी पेटलेली होती. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाला पेनल्टीवर हरविल्यानंतर बगदादमध्ये जल्लोष करणाऱ्यांवर बॉम्बहल्ले झाले आणि सुमारे पन्नास जण प्राणांस मुकले. २९ जुलै २००७ रोजी जाकार्तातील अंतिम सामन्यात कर्णधार युनिस महमूदच्या एकमेव गोलने सौदी अरेबियाचा पराभव झाला. जिवाच्या भीतीने तो कर्णधार विजयी संघाबरोबर बगदादला गेलाच नाही. चषक मायदेशी पोहोचला, शांतता नाही.