कॉकस: जंतू की किडा?

आज नायगावात एकाच शब्दावर बोलायचंय: कॉकस. शब्द एक, पण अर्थ दोन. त्यात घोळ झाला, की पैसे जातात आणि कपाशीही हातची जाते.

ग्रीक भाषेत ‘कोकोस’ म्हणजे दाणा. भूमध्य समुद्राच्या भागात ओकच्या झाडांवर लाल रंग देणारे बारीक गोळे मिळत. लोकांना ते झाडाचे दाणेच वाटले. खरं तर त्या खवले कीटकांच्या माद्या होत्या, एका जागी चिकटून रस पिणाऱ्या. असं दाण्याचं नाव किड्याला लागलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली गोल जिवाणू दिसले, त्यांनाही तेच नाव मिळालं. १८७४ साली बिलरोथ या शल्यविशारदांनी साखळीत राहणाऱ्यांना स्ट्रेप्टोकॉकस म्हटलं. नंतर ऑग्स्टन यांनी द्राक्षांच्या घोसासारख्या दिसणाऱ्यांना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं.

आता आपल्या पऱ्हाटीकडे या. शेंड्यावर पांढरा पिठासारखा थर दिसतो ना? तो पिठ्या ढेकूण. त्याचं शास्त्रीय नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. नावात कॉकस आहे, पण हा जंतू नव्हे. गोल जिवाणू साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ढेकणाची मादी मात्र तीन-चार मिलिमीटरची, उघड्या डोळ्यांना दिसणारी.

म्हणून जिवाणूवरचं प्रतिजैविक औषध ढेकणावर मारून उपयोग नाही. उलट गळवातला स्टॅफिलोकॉकस कीटकनाशकानं मरत नाही. तिथं डॉक्टरच गाठायला हवा.

मग ढेकणाचं काय करायचं? त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, त्यामुळं वरवरची फवारणी आत पोचत नाही. तो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. बांधावरचं गाजरगवत हे त्याचं घर, ते आधी काढा. सुरुवातीलाच लागण झालेले शेंडे तोडून नष्ट करा.

एक गोष्ट मात्र नीट बघा. पांढऱ्या ढेकणांत काही तपकिरी, टणक झालेले दिसले, तर घाईनं फवारू नका. त्यांच्या आत एनेशियस नावाच्या बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. ती आपली फुकटची मजूर आहे. विषारी फवारा तिलाच आधी मारतो.

तेव्हा दुकानात शिरण्याआधी स्वतःला एकच विचारा: आपला कॉकस डोळ्यांना दिसतोय का? दिसत असेल, तर तो किडा आहे.