जुन्या संगणकांवरील मजकूर-संपादक आणि फाइलच्या आकाराची मर्यादा : मराठी मजकुराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमरावती व अकोला परिसरातील महाविद्यालयांत जुन्या संगणकांचे निर्लेखन करताना त्यांतील फाइली एकदा उघडून पाहिल्या जातात. जी फाइल उघडत नाही ती खराब समजून सोडून देण्याकडे कल असतो. वऱ्हाडी बोलीची शब्दसूची किंवा रिद्धपूरच्या महानुभाव वाङ्मयावरील प्रबंध अशा फाइलीत असेल, तर ही हानी भरून न येणारी ठरते. न उघडणारी प्रत्येक फाइल खराब नसते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मर्यादेचे कारण :
विंडोज ९५ व ९८ मधील नोटपॅडमध्ये मजकूर हाताळणारा मूळ घटक १६-बिट पद्धतीचा होता. १६ बिटांनी ६५,५३६ स्थानेच दर्शविता येतात. म्हणून ६४ किलोबाइट ही मर्यादा पडली. त्याहून मोठी फाइल उघडण्यास नोटपॅड नकार देई व वर्डपॅडचा पर्याय सुचवी. ही मर्यादा साठवणुकीची नव्हती. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर नोटपॅडच्या मर्यादेच्या बावीसपट मोठी फाइल सहज मावत असे. पुढे हे बंधन दूर झाले.

मराठी मजकुराचे गणित :
मर्यादा अक्षरांची नसून बाइटांची असते. १९९१ च्या इस्की मानकात प्रत्येक चिन्हास सामान्यतः एक बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. ‘अमरावती’ या शब्दात काना व वेलांटी धरून सात चिन्हे आहेत. इस्कीत त्यास ७, तर यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट लागतात. पानाला २,२०० चिन्हे धरल्यास ६४ किलोबाइटमध्ये इस्कीतील सुमारे ३० पाने बसतात. म्हणजे प्रबंधाचे एखादे प्रकरण मावते, संपूर्ण प्रबंध नाही. तसेच ६० किलोबाइटची इस्की फाइल युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यास तिचा आकार दीडशे किलोबाइटच्या पुढे जातो. आकारातील ही वाढ म्हणजे बिघाड नव्हे.

जतनासाठी उपाय :
१) मूळ फाइल संपादकात न उघडता जशीच्या तशी नव्या संगणकावर उतरवावी व दोन्हींचा आकार ताडून पाहावा.
२) वापरलेल्या फाँटचे नाव स्वतंत्र नोंदवावे. साध्या मजकूर-फाइलीत फाँटची माहिती साठत नाही. त्यामुळे जुन्या फाँटमधील मराठी मजकूर केवळ रोमन अक्षरांचा गोंधळ भासतो.
३) रूपांतर नेहमी प्रतीवर करावे.
४) फाइलीचे भाग पाडणे आवश्यक असल्यास ते परिच्छेदाच्या अखेरीस पाडावेत. केवळ बाइट मोजून तोडल्यास यूटीएफ-८ मधील तीन बाइटांचे चिन्ह मध्येच दुभंगू शकते.

निष्कर्ष :
फाइल न उघडण्यामागे संपादकाची मर्यादा, संकेतप्रणालीतील फरक किंवा प्रत्यक्ष बिघाड यांपैकी कोणतेही कारण असू शकते. पहिल्या दोन कारणांची तपासणी झाल्याशिवाय कोणतीही फाइल नष्ट करू नये. निर्लेखन संगणकाचे व्हावे, त्यातील मजकुराचे नव्हे.