बाबांचे आवडते गाणे कोणते?

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना गाणी ऐकवावीत, हे आता बहुतेक घरांत ठाऊक असते. पण कोणती? येथेच कुटुंबीयांचा अंदाज चुकतो. वडिलांसाठी आपण श्रद्धेने ‘गीतरामायण’ लावतो, आणि भेटीस आलेला त्यांचा कॉलेजातील मित्र हसून म्हणतो, “अहो, हा तर दर बुधवारी बिनाका गीतमालेसाठी रेडिओला कान लावून बसायचा!” दुसरा स्नेही ते खोडून काढतो. त्याच्या मते, खरे वेड नाट्यगीतांचे. हा वाद मिटवू नये, खुशाल रंगू द्यावा. वहीत मात्र दोन्ही नोंदी कराव्यात. साधारण १० ते ३० या वयात ऐकलेली गाणी स्मरणात विशेष खोल रुजतात, आणि त्या वयातले बाबा मुलांनी पाहिलेलेच नसतात.

मग एका वेळी एकच गाणे, हळू आवाजात लावावे. श्रवणयंत्र असल्यास ते आधी तपासावे. ओठ हलतात का, बोटे ठेका धरतात का, हे पाहावे. चेहरा आक्रसला किंवा अस्वस्थता वाढली, तर गाणे तत्काळ थांबवावे. ते कोणत्या दुःखाशी जोडलेले असेल, हे कधी कधी मित्रांनाही ठाऊक नसते.