टोळी नव्हे, एकत्र कुटुंब

गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा कुत्री दिसली की लोक सरसकट ‘टोळी’ म्हणतात. टोळी म्हटली की तिचा दादाही आलाच. सगळ्यांना दमात घेणारा, मारामारी करून वर चढलेला. घरचं कुत्रं पाळतानाही हाच समज आडवा येतो. ‘त्याला आधीच धाकात ठेवा, नाहीतर तेच घराचं मालक होईल’ असा सल्ला कुत्रं आणणाऱ्या प्रत्येकाला मिळतो.

या समजाचं मूळ कुत्र्यांत नाही, पिंजऱ्यातल्या लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून 1947 साली वर्चस्वाच्या झगड्याचं वर्णन केलं. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकाने ते जगभर पोचवलं. पुढे डेव्हिड मीच यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाला मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. ‘दादा’ म्हणजे त्या घरचा बाप! आपलंच पुस्तक पुन्हा छापू नका, अशी विनंती ते प्रकाशकाला वर्षानुवर्षं करत राहिले.

आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास तर आपल्याच देशात झाला आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि मानबी पॉल यांनी पश्चिम बंगालमधल्या कुत्र्यांच्या विणी बघितल्या आणि 2018 च्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांना भारतीय एकत्र कुटुंबं म्हटलं. आई अन्नाच्या शोधात गेली की गटातल्या दुसऱ्या माद्या पिल्लांजवळ थांबतात. एका गटात आजीने नातवंडांची देखभाल केल्याची नोंदही याच चमूने केली आहे. नर नुसते फिरस्ते असतात हेही खरं नाही. जे बाप असण्याची शक्यता आहे असे नर पिल्लांची राखण करतात, त्यांच्याशी खेळतात.

इतकं करूनही हाती फारसं लागत नाही. याच संशोधकांनी 364 पिल्लांचा माग ठेवला, तेव्हा वयात येईपर्यंत जगली फक्त 19 टक्के. जी गेली त्यातल्या 63 टक्के पिल्लांच्या मृत्यूमागे माणूस होता. ‘रस्त्यावरची कुत्री, मरायचीच’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

स्वभाव जातीवरून कळतो, हा समज कुत्री विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे. लॅब्रॅडॉर प्रेमळ, अमुक जात तापट, असं बोललं जातं. अमेरिकेत 18 हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती घेऊन 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे असल्याचं दिसलं. बाकीचं ज्याचं त्याचं.

आता कोंबडीकडे वळू. मठ्ठ माणसाला कोंबडीचं डोकं चिकटवण्याची सवय तिच्यावर फार अन्याय करते. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरुप-एबे यांना लहानपणापासून कोंबड्या बघण्याचं वेड होतं. कळपात कोणी कोणाला टोचायचं याची ठरलेली उतरंड असते, हे त्यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. ही उतरंड टिकते ती प्रत्येक कोंबडी दुसरीला ओळखते म्हणूनच. कोंबड्याचं ओरडणंही अर्थाशिवाय नसतं. आभाळात घार दिसली तर एक आवाज, जमिनीवरून मुंगूस-कुत्रं आलं तर दुसरा. प्रयोगात यातला पहिला आवाज नुसता ध्वनिमुद्रणातून ऐकवला, तरी कोंबड्या आडोशाला पळून दबून बसल्या. दुसरा ऐकवला तेव्हा मान उंचावून इकडेतिकडे पाहू लागल्या. शिवाय जवळ कोंबडी असेल तर कोंबडा घारीची सूचना जास्त देतो, एकटा असेल तर बरेचदा गप्प राहतो.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, ते निव्वळ ऊब देण्यापुरतं नसतं. शेवटच्या एक-दोन दिवसांत पिल्लू कवचाच्या आतून चिवचिवतं आणि आई त्याला उत्तर देते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या 2011 च्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा हलका फवारा सोडला, पिल्लं दचकली, आणि बघणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. ती सावध झाली, पिल्लांना साद घालू लागली. डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीला काही कळत नाही, असं यानंतर कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मांजर घराला ओळखतं, माणसाला नाही, हेही असंच. अमेरिकेतल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाने 2019 मध्ये 70 पिल्लांची चाचणी घेतली. थोडा वेळ दूर गेलेला माणूस परतल्यावर साधारण 64 टक्के पिल्लं निवांत झाली, म्हणजे त्यांना त्याचा आधार वाटत होता. माणसाच्या तान्ह्या मुलांतही हे प्रमाण जवळपास तेवढंच आढळतं. मांजर एकलकोंडं असतं हे शिकारीपुरतं खरं. शेतावर अन्न मुबलक असलं तर नात्यातल्या माद्या एकत्र राहतात, एकमेकींच्या पिल्लांना दूधही पाजतात. बोका पिल्लांच्या वाढीत सहसा काहीच करत नाही, तरी धीट बोक्याची पिल्लं बापाचं तोंडही न बघता धीट निघतात, असं केंब्रिजमधल्या 1995 च्या अभ्यासात दिसलं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला, तर ती माणसाळतातही.

हात लावण्यावरून आठवलं. माणसाने शिवलेलं चिमणीचं पिल्लू आई परत घेत नाही, हे घरोघरी सांगितलं जातं. ते खोटं आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू अलगद उचलून परत ठेवलं, तर आईबाप त्याला भरवत राहतात.

कुत्र्या-मांजराचं पिल्लू मात्र घाईने उचलू नये. जिन्याखाली, गाडीच्या आडोशाला पिल्लं एकटी दिसली, तर ती बहुधा बेवारस नसतात, आई खाणं शोधायला गेलेली असते. जागा धोक्याची नसेल तर लांब उभं राहून काही तास वाट पाहावी, शक्य असेल तर आईसाठी पाणी आणि अन्न ठेवावं. घरी न्यायचंच असेल तर आठ आठवडे थांबावं. भारतात आठ आठवड्यांपेक्षा लहान कुत्र्याचं पिल्लू विकायला कायद्यानेही मनाई आहे.